नागपूरच्या उन्हात गाडीची बॅटरी निवडताना

गाडीची बॅटरी बदलायची वेळ आली की आपल्याकडे पहिला प्रश्न कंपनीचा निघतो. एक्साइड घ्यावी की अमरॉन, एसएफ सोनिक टिकते का, टाटा ग्रीन कशी आहे, यावर घरात, कार्यालयात आणि पार्किंगमध्ये भरपूर चर्चा होते. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. गाडीची चार्जिंगची पद्धत कोणती आहे, तिला कोणत्या प्रकारची बॅटरी कारखान्यातून दिलेली होती आणि ती बॅटरी बॉनेटखाली नेमकी किती उष्णता सोसणार आहे, या गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. त्या ठरल्या की चांगल्या नावाच्या दोन-तीन कंपन्यांपैकी कोणतीही घेतली तरी फारसे बिघडत नाही.

पूर्वीच्या गाड्यांत हा विचार करावा लागत नसे. अल्टरनेटर जवळजवळ एकाच ठरलेल्या व्होल्टेजवर, साधारण १४ ते १४.४ व्होल्टच्या आसपास, सतत चार्ज करीत राही आणि बॅटरी सदैव भरलेली असे. सेल्फ मारून इंजिन एकदा सुरू झाले की तिचे मुख्य काम संपले. आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत हे चित्र राहिलेले नाही. इंधन वाचवण्यासाठी गाडीचा संगणक अल्टरनेटरला कधी जोरात चालवतो, कधी जवळजवळ विश्रांती देतो. ब्रेक लावताना किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर चार्जिंग वाढवतो आणि सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना कमी करतो. अशा वेळी येणारी वीज सामावून घेण्यासाठी बॅटरीत थोडी जागा शिल्लक असावी लागते, म्हणून ती मुद्दामच पूर्ण भरू दिली जात नाही. त्यात सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन क्लच किंवा ब्रेकबरोबर पुन्हा सुरू होण्याची सोय असेल, तर शंकरनगर चौकापासून सीताबर्डीपर्यंतच्या एका फेरीतच बॅटरीला कितीतरी वेळा इंजिन सुरू करावे लागते आणि इंजिन बंद असतानाच्या मधल्या काळात दिवे, ब्लोअर, म्युझिक सिस्टिम यांचा भारही तिलाच वाहावा लागतो.

साधी, पातळ आम्लाची बॅटरी या कामासाठी बनवलेलीच नसते. अर्धवट भरलेल्या अवस्थेत ती दीर्घकाळ राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचू लागतात, आम्लाचा जड भाग तळाशी बसतो आणि प्लेटा हळूहळू निकामी होतात. यासाठी दोन सुधारित प्रकार आहेत. ईएफबी या प्रकारात आम्ल पातळच असते, मात्र प्लेटांची रचना अधिक मजबूत असते आणि त्यांतील द्रव्य झडू नये म्हणून त्यांवर कापडासारखे आवरण दिलेले असते. एजीएम या प्रकारात काचेच्या अतिसूक्ष्म धाग्यांच्या गादीत आम्ल शोषून ठेवलेले असते. ते सांडत नाही, बॅटरी वारंवार उतरून पुन्हा भरली तरी अधिक काळ टिकते आणि किंमतही त्याच प्रमाणात जास्त असते.

याबाबत माझा नियम सरळ आहे. गाडीत कारखान्यातून ईएफबी आली असेल तर बदलताना किमान ईएफबीच घ्यावी. एजीएम आली असेल तर एजीएमच घ्यावी. साधी आली असेल आणि गाडीत इंजिन आपोआप बंद होण्याची सोय नसेल तर साधी, मेंटेनन्स-फ्री बॅटरी पुरेशी आहे. प्रकार एक पायरी खाली उतरवणे मात्र कधीही परवडत नाही, कारण सुरुवातीला वाचलेले दोन-तीन हजार रुपये वर्ष-दीड वर्षात पुन्हा मोजावे लागतात.

हे सांगण्याचे कारण बाजारात जे घडते ते आहे. आमच्या शेजारच्या काकांबरोबर कामठी रोडवरील ऑटोमोटिव्ह चौकाजवळच्या एका दुकानात गेलो होतो. त्यांच्या पेट्रोल हॅचबॅकमधील जुन्या बॅटरीवर एन-५५ असे स्पष्ट छापलेले होते, म्हणजे ती इंजिन आपोआप बंद-सुरू होणाऱ्या गाड्यांसाठीची खास ईएफबी बॅटरी होती. दुकानदाराने रॅकवरून ५५बी२४एल काढून काउंटरवर ठेवली. मी प्रकार वेगळा असल्याचे म्हटल्यावर तो अगदी सहजपणे म्हणाला, "भाऊ, बसून जाते ना बरोबर! त्यायले सांगा, टेन्शन कायले घेता?" बसते हे खरेच होते. लांबी, रुंदी, उंची, पोलची जागा, सगळे जुळत होते, आणि फसवणूक नेमकी तिथेच होते. कारण एन-५५ आणि ५५बी२४ यांचे खोके एकाच मापाचे असते, पण आतील प्लेटा वेगळ्या असतात. त्याच पद्धतीने एम-४२ ही बी२०च्या मापात आणि क्यू-८५ ही डी२३च्या मापात येते. काकांनी ईएफबी मागवली आणि ती दुसऱ्या दिवशी आली. दुकानात माल शिल्लक नाही एवढ्यावरून प्रकार बदलायला तयार होऊ नये, एवढेच मला येथे म्हणायचे आहे.

आता बॅटरीवरील अक्षरांकडे पाहू, कारण ती वाचता आली की निम्मे काम होते. जपानी पद्धतीच्या ३८बी२०एल या सांकेतिक नावात ३८ हा आकडा कार्यक्षमतेचा दर्जा दाखवतो. तो अँपिअर-तास नव्हे. अनेकांना, आणि काही विक्रेत्यांनाही, तो अँपिअर-तास वाटतो. प्रत्यक्षात ही बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते आणि ५५बी२४ ही ४५ची. बी हे अक्षर रुंदी व उंचीचा गट सांगते, २० म्हणजे सेंटिमीटरमधील अंदाजे लांबी, आणि शेवटचे एल किंवा आर हे पोलची बाजू दाखवते. हे शेवटचे अक्षर चुकले तर गाडीची धन वायर पोलपर्यंत पोहोचत नाही किंवा ताणून पोहोचवावी लागते, आणि ताणलेली धन वायर ही आगीला दिलेली उघड संधी असते. एलच्या पुढे एस असेल तर पोल जाड असतात. जाड पोलसाठीचा क्लॅम्प बारीक पोलवर पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवण्याची कला आपल्याकडच्या मेकॅनिकांना चांगली अवगत आहे, पण अशा जोडणीत काही महिन्यांत सैलपणा येतो, तिथे उष्णता निर्माण होते आणि मग दोष बॅटरीच्या माथी मारला जातो.

युरोपीय पद्धतीच्या डिन बॅटऱ्यांचे पोल वरच्या पातळीपासून आत दबलेले असतात आणि बॅटरी तळाच्या कडेला धरून आवळलेली असते. जपानी पद्धतीच्या बॅटरीचे पोल वर आलेले असतात आणि ती वरून पट्टीने बांधतात. म्हणून डिनच्या जागी जपानी मापाची बॅटरी बसवली की ती नीट आवळली जात नाही आणि क्वचित पोल बॉनेटच्या पत्र्याला टेकण्याइतका उंच येतो. ही अदलाबदल करू नये.

अँपिअर-तास वाढवून घ्यावेत का, हा आपल्याकडचा आवडता प्रश्न आहे. मोठ्या बॅटरीने अल्टरनेटर जळतो हा समज मला पटत नाही, कारण बॅटरी आपल्याला हवी तेवढीच वीज ओढते आणि अल्टरनेटर आपल्या मर्यादेपलीकडे देत नाही. मात्र मोठी बॅटरी हा रोजच्या अपुऱ्या चार्जिंगवरचा उपायही नव्हे. धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंत जायचे, वाटेत सिग्नल, एसी पूर्ण वेगात, रात्री हेडलाइट, आणि संध्याकाळी तेवढेच अंतर परत, अशी गाडी वापरली तर खर्च झालेली वीज पूर्ण भरून निघत नाही, मग बॅटरी ३५ची असो वा ४५ची. शिवाय ज्या गाडीच्या ऋण पोलवर बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो, तिचा संगणक मूळ क्षमता गृहीत धरून चार्जिंग ठरवत असतो. गाडी दोन-दोन आठवडे उभी राहत असेल आणि ट्रेमध्ये खरोखर जागा असेल, तर एक पायरी मोठी बॅटरी घेण्याला अर्थ आहे. एरवी गाडीच्या पुस्तिकेत दिलेली क्षमता घ्यावी.

उभ्या गाडीचे गणित करून पाहण्यासारखे आहे. कुलूप लावलेली आधुनिक गाडीसुद्धा अलार्म, सेंट्रल लॉकिंग, संगणकाची स्मृती यांसाठी थोडी वीज घेतच राहते. ती ५० मिलिअँपिअर धरली तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात आणि पंधरा दिवसांत १८. म्हणजे ३५ची बॅटरी दिवाळीच्या सुट्टीत निम्म्याने रिकामी. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर थेट बॅटरीवर जोडलेला असेल तर हा हिशेब आणखी लवकर संपतो. नवी बॅटरी घेण्याआधी ही गळती कुणाकडून तरी क्लॅम्प मीटर लावून मोजून घ्यावी, नाहीतर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाईल.

तशीच एक तपासणी घरी करता येते आणि तिच्यासाठी तीन-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी काहीही सुरू करण्याआधी, बॉनेट उघडून पोलवर मोजले असता १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसले तर साधी बॅटरी भरलेली समजावी, १२.४ म्हणजे साधारण पाऊणपट, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० म्हणजे जवळजवळ तळाशी. एजीएमचे आकडे याहून थोडे वर असतात. त्यानंतर दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगून काटा किती खाली जातो ते पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी त्या क्षणी ९.६च्या खाली गेली तर तिची ताकद संपली आहे. भरलेली नसतानाही ती ९.६च्या खाली जाऊ शकते, म्हणून आधी चार्ज करून मगच निकाल द्यावा. वरच्या झाकणावरील हिरव्या डोळ्यावर मात्र फार विश्वास ठेवू नये, कारण तो सहा घरांपैकी एकाच घराची अवस्था दाखवतो आणि उरलेल्या पाचांपैकी एखादे मेले असले तरी तो हिरवाच राहतो. ज्या गाडीत इंजिन आपोआप बंद होते, तिथे आणखी एक खूण मिळते: हिवाळ्यातही सिग्नलला इंजिन बंद होणे थांबले, तर बॅटरी उतरणीला लागली असण्याची शक्यता आहे. उन्हाळ्यात ही खूण कामाची नाही, कारण एसीची गरज असली की संगणक स्वतःहूनच इंजिन चालू ठेवतो.

आता नागपूरच्या उष्णतेविषयी, आणि माझ्या दृष्टीने हाच या विषयाचा गाभा आहे. बॅटरीच्या वेष्टनावर सीसीए म्हणून जो आकडा छापतात तो उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरी किती जोरात इंजिन फिरवू शकते ते सांगतो. हे तापमान आपल्या नशिबी नाही. नागपूरचे आजवरचे अगदी कडाक्याचे तापमान डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंश होते, आणि दुसऱ्या टोकाला मे २०१३ मध्ये पारा ४७.९पर्यंत गेला होता. आपली बॅटरी थंडीने मरत नाही, उन्हाने मरते. तापमान दहा अंशांनी वाढले की आतील रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यात प्लेटांच्या जाळीचे गंजणे आणि पाण्याचे उडून जाणेही आले. नवतप्यात बाहेर ४५ अंश असताना, नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाशेजारी बॉनेटखाली साठीच्या पुढचे तापमान सहज असते. म्हणून थंड हवेच्या शहरात पाच-सहा वर्षे चालणारी बॅटरी आपल्याकडे तीन-चार वर्षांत थकली तर आश्चर्य वाटू नये.

गंमत अशी की इजा मे महिन्यात होते आणि गाडी बंद पडते डिसेंबरात. उन्हाळ्यात अशक्त झालेली बॅटरी इंजिन गरम असेपर्यंत रेटत राहते, आणि एखाद्या दहा अंशांच्या सकाळी, ऑइल घट्ट झालेले असताना, सेल्फ नुसता कण्हतो. लोक थंडीला दोष देतात. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर मी तिची तपासणी पावसाळ्यानंतर लगेच करतो, म्हणजे समृद्धी महामार्गावरून शिर्डीला निघताना वाटेत कुठे अडकण्याचा प्रश्न येत नाही.

या उष्णतेमुळेच एजीएमविषयी माझे मत थोडे सावध आहे. एजीएम सर्वांत महाग, म्हणून सर्वांत उत्तम, असे समजून ईएफबीच्या गाडीत ती बसवणारे मी पाहिले आहेत. एजीएममध्ये पाणी मोजकेच असते आणि उडून गेलेले पाणी पुन्हा घालता येत नाही. त्यामुळे तापलेल्या बॉनेटखाली, जास्त व्होल्टेजवर चार्ज होत राहिल्यास तिचे आयुष्य अपेक्षेपेक्षा लवकर संपते. अनेक महागड्या गाड्यांत ती डिक्कीत किंवा सीटखाली ठेवलेली असते, त्यामागे हेही एक कारण आहे. बॅटरी इंजिनाजवळ असेल आणि मूळची ईएफबी असेल, तर नागपुरात मी ईएफबीच पसंत करीन. बॅटरीभोवती कारखान्याने दिलेले कापडी किंवा प्लॅस्टिकचे आवरण असते, ते बदलताना मेकॅनिक बाजूला काढून ठेवतो आणि पुष्कळदा तिथेच विसरतो. ते परत बसवून घ्यावे, कारण ते उष्णता अडवण्यासाठीच दिलेले असते.

दुकानात बॅटरी हातात आल्यावर आधी तिची निर्मितीची तारीख विचारावी. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडून राहिलेली बॅटरी विकली जाण्याआधीच म्हातारी झालेली असते, कारण स्वतःहून उतरण्याचा वेगही तापमानाबरोबर वाढतो. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम. सहा महिन्यांपुढची असेल तर मी घेत नाही. दुकानदारासमोर मीटर लावून पाहावे आणि १२.५च्या खाली असेल तर दुसरी मागावी. यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

वॉरंटीचा आकडा मोठा दिसतो, पण तो दोन तुकड्यांत असतो. पहिला भाग मोफत बदलून देण्याचा, दुसरा प्रो-रेटा, म्हणजे उरलेल्या महिन्यांप्रमाणे नव्या बॅटरीवर सूट देण्याचा. ही सूट बहुतेक वेळा छापील किमतीवर मोजली जाते. समजा छापील किंमत ८,००० रुपये आहे आणि तीच बॅटरी बाजारात ६,०००ला मिळते. प्रो-रेटामध्ये २५ टक्के सूट मिळाली तरी तुम्ही ६,०००च देता, म्हणजे वॉरंटीचा फायदा शून्य. म्हणून २४+२४ आणि ३६+१२ महिन्यांची वॉरंटी असलेल्या दोन बॅटऱ्यांची बेरीज सारखीच असली तरी माझ्या दृष्टीने दुसरी अधिक चांगली. बिलावर गाडीचा क्रमांक आणि बॅटरीचा अनुक्रमांक दोन्ही लिहून घ्यावेत. २२ सप्टेंबर २०२५पासून या बॅटऱ्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या दरपत्रकावरील किंमत कुणी सांगत असेल तर ते लक्षात आणून द्यावे.

बसवताना ऋण पोल आधी काढावा आणि शेवटी जोडावा. बॅटरी पट्टीने घट्ट आवळलेली असावी. वीज पूर्ण तुटल्यावर घड्याळ, काचांची आपोआप वर जाण्याची सोय, क्वचित आयडलिंग, या गोष्टी पुन्हा जुळवाव्या लागतात, ते पुस्तिकेत दिलेले असते. काही गाड्यांत, विशेषतः फोक्सवॅगन समूहाच्या आणि बीएमडब्ल्यूसारख्या महागड्या युरोपीय गाड्यांत, नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने संगणकात करावी लागते. ती केली नाही तर संगणक नव्या बॅटरीलाही जुनी समजूनच चार्ज करतो. दुकानात तसा स्कॅनर आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे. पुढे कधी जंप स्टार्ट द्यायची वेळ आली तर ऋण वायर थेट पोलवर न लावता इंजिनाच्या किंवा बॉडीच्या धातूवर लावावी, म्हणजे सेन्सर चुकवून वीज जात नाही आणि बॅटरीजवळ ठिणगीही पडत नाही.

मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत, उदाहरणार्थ २०१८ नंतरच्या पेट्रोल एर्टिगात, बॉनेटखालच्या बॅटरीखेरीज पुढच्या सीटखाली लिथियम-आयनची एक लहान बॅटरी असते. तिचे काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच होऊ द्यावे. तिला बाजारातील दुकानदाराचा हात लागू देऊ नये. पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही १२ व्होल्टची लहान बॅटरी असतेच. तिला इंजिन फिरवायचे नसते, पण तीच उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, कारण मोठ्या बॅटरीची जोडणी करणारे स्विच तिच्याच विजेवर चालतात. ईव्ही घेतलेल्या मित्रांना हे सांगितले की त्यांना आश्चर्य वाटते.

जुनी बॅटरी दुकानदार बदलीत घेतो आणि वजनाप्रमाणे किंमत वजा करतो, कारण तिच्यातील शिसे पुन्हा वापरता येते. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि ही साखळी दुकानदारापासूनच सुरू होते. फेरीवाल्या भंगारवाल्याने शंभर-दोनशे रुपये जास्त देऊ केले तरी बॅटरी त्याला देऊ नये, कारण तो आम्ल बहुधा नालीत ओततो. नव्या बॅटरीच्या बिलावर जुनीची वजावट वेगळ्या ओळीत लिहून घेतली, तर दोन दुकानांचे भाव ताडून पाहतानाही सोपे जाते.